आत्याच्या दालमिलचा गिअर

आत्याचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर हेलिकल गिअरचंच गणित सोडवत होते. हे मी कोणाला सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. पण दर फेब्रुवारीत आमचा तोच धडा असतो, त्यामुळे त्यात आश्चर्य करण्यासारखं फारसं काही नाही.

यवतमाळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी तासिका तत्त्वावर शिकवते. विषय यंत्रांच्या भागांचं डिझाइन. त्या वर्षी मला शिकवायला लागून चौथं वर्ष चाललं होतं, आणि हेलिकल, म्हणजे तिरप्या दातांच्या, गिअरची गणितं मला इतकी पाठ झाली होती की फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता मागे कोण बोलतंय तेही मला कळायचं. प्रत्येक गणिताच्या सुरुवातीला 'दिलेले' असं लिहायचं. दिलेले: दात वीस. दिलेले: मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, तीन. दिलेले: दाताचा तिरपा कोन पंचवीस अंश. मग सूत्रात आकडे टाकायचे आणि उत्तराखाली दोन रेघा मारायच्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मारेगावच्या बाहेर रस्त्याला लागून तिची छोटी दालमिल आहे. मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, शेती बघतात आणि मिल आत्या. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय असल्यामुळे फोनवर तिचं बोलणं पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"पोट्टे, तू ते दातवाले चाकं शिकवतं ना? त्यातलं एक तुटलं."

मी वर्गाबाहेर आले. "कोणतं चाक, आत्या?"

"मोटारीपासून तूर सोलायच्या रोलले जाते त्या पेटीतलं. लहानवालं. तीन दात गेले. कडाडकन् आवाज आला आन् मशीन बंद."

"मिस्त्री काय म्हणतो?"

"म्हणे जुना माल आहे, सुटं चाक भेटत नाही, पेटीच नवी आणा. नागपूरवरून याले महिना. माझ्या इथं तीन गावाची तूर तेल-पाणी लावून ताडपत्रीवर पडली आहे. महिनाभर काय करू, कबुतरं हाकलत बसू? तू बनव न चाक."

"आत्या, मी शिकवते म्हणजे..."

"हेच शिकवतं ना?"

"हो, पण..."

"मंग कर," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

माझं 'पण' राहूनच गेलं. खरं म्हणजे मी आयुष्यात एकही गिअर बनवला नव्हता. शेकडो सोडवले होते, बनवला एकही नव्हता. पण आत्याला नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची हिंमत नाही, आणि मनातून मला थोडा आनंदही झाला होता. शनिवारी सकाळी पिशवीत व्हर्नियर कॅलिपर, कोनमापक, शिक्क्याची शाई आणि चार कोरे कागद टाकून मी मारेगावची बस धरली.

मिलच्या अंगणात तूर पसरलेली होती आणि गावातून आलेल्या चार-पाच बाया ताडपत्रीच्या कडेला बसून होत्या. गिअरबॉक्सचं झाकण उघडंच होतं. आतमध्ये एक मोठं चाक, आणि बाहेर काढून पोत्यावर ठेवलेलं लहान. मामाजींनी ही पेटी कधीतरी जुनी विकत घेतली होती. तिच्यावरची माहितीची पट्टी घासून इतकी गुळगुळीत झाली होती की त्यात तोंड दिसावं. म्हणजे मॉड्यूल दिलेला नाही, कोन दिलेला नाही. काहीच दिलेलं नाही.

मी खडूची खूण करून दात मोजले. मोठ्याचे शहात्तर. लहानाचे, तुटलेल्यांची खुंटं धरून, वीस. तीनदा मोजले. आत्या शेजारी उभी राहून माझ्याबरोबर ओठातल्या ओठात मोजत होती.

"हे दात तिरपे काहून आहेत?" तिनं विचारलं. "सरळ असते तं तुटले नसते."

"सरळ दात असले की अख्खा दात एकदम दुसऱ्यावर आपटतो. म्हणून खडखड आवाज येतो. तिरपा दात एका टोकापासून हळूहळू लागत जातो, आणि तो पूर्ण सुटायच्या आत पुढचा लागलेला असतो. त्यामुळे चाक गुपचूप फिरतं आणि ओझंही वाटलं जातं."

"मंग सगळेच तिरपे काहून नाही करत?"

"कारण तिरपा दात फिरता फिरता बाजूलाही ढकलतो. तुझ्या मोटारीचा हिशोब केला तर हे एवढंसं चाक साधारण तेवीस किलोच्या जोरानं शाफ्टला एका बाजूला रेटत असतं."

आत्यानं हातातलं चाक जरा मानानं पाहिलं. "तेवीस किलो? दिसत तं नाही."

मापं घेतली. बाहेरचा व्यास साडेअडुसष्ट मिलिमीटर. दाताच्या जाडीवरून मॉड्यूल तीन आहे हे कळलं. राहिला कोन. त्यासाठी मी चाकाला शिक्क्याची शाई लावली आणि कागदावर पट्टीच्या कडेनं सरळ लोळवलं. कागदावर तिरप्या निळ्या रेघा उमटल्या. बाया उठून बघायला आल्या. एक म्हणाली, "छान नक्षी आली व, रांगोळीचा साचा होईल याचा." कोनमापक लावला, तर कोन पावणेअठरा अंश भरला.

मी विचार केला की पावणेअठरा अंशाचा गिअर कोण कशाला बनवेल? पुस्तकात कोन नेहमी गोल आकड्यात असतो. पंधरा, वीस, पंचवीस. शाई थोडी फाकली असणार. मी वहीत लिहिलं: कोन अठरा अंश. आणि 'दिलेले' या शब्दाखाली, सवयीनं, एक रेघ ओढली.

परतीच्या बसमध्ये माझी पिशवी उचलून वर ठेवायला गेलेल्या कंडक्टरचा हात खाली आला.

"काय आहे बाई याच्यात?"

"गिअर आहे."

त्यानं एकदा पिशवीकडे पाहिलं आणि एकदा ड्रायव्हरकडे. "आपल्या गाडीचा तं नाही ना?"

सगळी बस हसली. मीही हसले.

यवतमाळच्या एमआयडीसीत आमच्या सरांची एक शेड आहे. हे सर मी डिप्लोमाला होते तेव्हा वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी मला कानस धरायला शिकवली होती, आणि पहिल्या दिवशी माझा चौकोन पाहून, "हा चौकोन आहे का शंकरपाळा?" असं म्हणाले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक लेथ आणि एक जुनं मिलिंग मशीन घेऊन काम सुरू केलं. गिऱ्हाइकांसमोर ते मला मॅडम म्हणतात, एरवी पोरी.

"काय मॅडम, आज काय लफडं आणलं?"

मी चाक आणि हिशोबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद वाचला, आणि कपाटातून कटर काढला. गिअरचे दात पाडायच्या कटरांना नंबर असतात. जितके दात, त्याप्रमाणे नंबर.

"वीस दात. तीन नंबरचा कटर."

"नाही सर, चार नंबर घ्या."

"वीस दाताले तीन नंबरच लागते. जन्म गेला माझा."

"सरळ दात असते तर तीनच लागला असता. पण तिरप्या दाताला कटर तिरपाच जातो. त्या बाजूनं पाहिलं तर चाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. जसं काही तेवीस दातांचं. म्हणून चार नंबर."

 सरांनी तीन नंबरचा कटर जागेवर ठेवला आणि चार नंबरचा काढला. "मले माहीत होतं," ते म्हणाले. "तुले पाहून राह्यलो होतो."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी त्यांच्या माठातलं पाणी प्यायले. आणि तिथंच माझं चुकलं, कारण त्यानंतर सरांनी जे विचारलं ते मी नीट ऐकलंच नाही. त्यांनी जुनं चाक मोजलं, माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "पोरी, जुना व्यास साडेअडुसष्ट भरते. तुह्या कागदावर एकोणसत्तरच्या वर आहे."

"झिजलं असेल, सर. जुनं आहे."

"शेंड्यावर झिजते का दात?"

"इतक्या वर्षांचं आहे ना..."

कटरच्या बाबतीत मी नुकतीच बरोबर ठरले होते. त्यामुळे सरांनी फार ताणलं नाही. खरं तर मला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. दात डावीकडे झुकलेला की उजवीकडे, यात चुकलं तर चाक जन्मात बसणार नाही. म्हणून मी जुनं चाक कटरच्या शेजारी धरून तीन वेळा खात्री केली. जिथे चूक नव्हती तिथे मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते.

बुधवारी चाक तयार झालं. काळंभोर पोलाद, त्यावर वीस चकचकीत तिरपे दात. मी ते घरी नेऊन टेबलावर ठेवलं आणि जेवताना समोर ठेवून पाहत राहिले. आईनं विचारलं, "जेवून राह्यली का दर्शन घेऊन राह्यली?"

पुढच्या शनिवारी परत मारेगाव. या वेळी बाया जास्त होत्या, कारण आत्यानं सगळ्या गावांना सांगून ठेवलं होतं की भाची यंत्र चालू करून देणार आहे. मिस्त्रीनं चाक बसवलं. मी म्हटलं, मोटार लावायच्या आधी हातानं फिरवून पाहू. आत्यानं पेटीपासून रोलला जाणाऱ्या पट्ट्याला हात घातला आणि ओढलं. चाक फिरलं, पण जड. परत ओढलं, तर करकर आवाज आला.

"हे तं अडून राह्यलं," आत्या म्हणाली.

मी आत्याच्या घरात जाऊन कपड्याची नीळ आणली, थोड्या तेलात कालवून मोठ्या चाकाच्या दातांना लावली आणि परत फिरवलं. दात जिथे जिथे लागतो तिथे नीळ उमटायला हवी. दाताच्या लांबीभर पट्टा उमटायला हवा होता. नीळ लागली होती ती फक्त एका टोकाला, नखाएवढी.

 बायांपैकी एक हळूच ताडपत्रीकडे गेली आणि तूर खालीवर करू लागली. माझे कान तापले. मी चाक काढलं, पुसलं, पिशवीत ठेवलं.

"कागदावर तं बरोबर होतं ना?" आत्यानं विचारलं. ती रागावली नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती.

"कागदावर बरोबर होतं."

"मंग कागद आणखी एकदा पाहाय," ती म्हणाली आणि मला चहा दिला.

बस करंजीच्या फाट्यावर थांबली तेव्हा मी तो शाईचा कागद मांडीवर पसरून बसले होते. रेघा स्वच्छ होत्या. कोनमापक परत लावला. पावणेअठराच. शाई काही फाकली नव्हती. मग मी निळीचा डाग आठवला. डाग एका टोकाला होता खरा, पण दाताच्या उंचीच्या मधोमध होता. शेंड्याला नाही. दात दाताला मध्यावर लागतात. आणि मी कागदावर लोळवला होता तो चाकाचा शेंडा. कागदाला लागला होता फक्त शेंडा! चाकाच्या मध्यापासून जितकं बाहेर जावं तितका दात जास्त तिरपा होत जातो. हे मी दर वर्षी आकृती काढून शिकवते. शेंड्यावरचा कोन पावणेअठरा असेल, तर दात जिथे लागतो तिथला त्याहून कमीच असणार.

सर म्हणाले होते, शेंड्यावर झिजते का दात. शेंडा कशाला लागतच नाही, तर झिजेल कसा? साडेअडुसष्ट हेच खरं माप होतं. जुनं चाक खरं बोलत होतं आणि मी त्याला म्हातारं म्हणत होते.

मी वही काढली. साडेअडुसष्टमधून दोन्ही बाजूंच्या शेंड्यांचे तीन-तीन, असे सहा मिलिमीटर वजा केले, राहिले साडेबासष्ट. वीस गुणिले तीन साठ. साठ भागिले साडेबासष्ट, बरोबर शून्य पॉइंट शहाण्णव. ज्याची कोज्या, म्हणजे कॉस, शून्य पॉइंट शहाण्णव, तो कोन सोळा अंश आणि वर पाव. मग दोन्ही चाकांच्या दातांची बेरीज धरून दोन शाफ्टमधलं अंतर काढलं. उत्तर आलं एकशे पन्नास. पुढे दशांशात काही नाही, नुसते एकशे पन्नास.

मी बसमध्येच आत्याला फोन लावला.

"आत्या, स्टीलची पट्टी घे. दोन शाफ्टच्या मधली मोकळी जागा मोज. मिलिमीटरमध्ये."

"थांब." खडखड, पट्टी पडल्याचा आवाज, कोणाला तरी "सरक बाजूले" म्हटल्याचा आवाज. "एकशे बारा आन् वर अर्धा."

"नीट पाहिलं?"

"चाळणीचं छिद्र नजरेनं ओळखते मी. एकशे साडेबारा."

शाफ्टची जाडी मी आधीच मोजली होती: एक तीसचा, एक पंचेचाळीसचा. दोघांचे अर्धे: पंधरा आणि साडेबावीस. एकशे साडेबारात मिळवले. एकशे पन्नास! मी इतक्या जोरात "दीडशे!" म्हणाले की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मागे वळून विचारलं, "तिकीट?"

ज्यानं कोणी ही पेटी बनवली, त्यानं दोन शाफ्टमधलं अंतर गोल आकड्यात धरलं होतं आणि ते जमावं म्हणून कोन हवा तसा वाकवला होता. आमच्या परीक्षेत अगदी उलटं असतं. कोन गोल आणि अंतर वेडंवाकडं. बाहेरच्या जगात भोकं गोल मापावर पाडणं सोपं, म्हणून कोनानं जुळवून घ्यायचं. हे मला चार वर्षं शिकवून कळलं नव्हतं आणि करंजीच्या फाट्यावर कळलं.

सोमवारी सरांकडे गेले तेव्हा मी आधी कबुली दिली. "सर, तुम्ही विचारलं होतं ते बरोबर होतं. मीच नाही ऐकलं."

"ऐकलं असतं तं माझं एक पोलाद वाचलं असतं," सर म्हणाले. मग हसले. "कटर तं चारच ना?"

"चारच."

"मंग अर्धी पास आहे तू."

या वेळी त्यांनी स्वतः मशीन लावताना मला शेजारी उभं केलं आणि प्रत्येक आकडा माझ्या तोंडून ऐकला. दोन दिवसांनी चाक झालं आणि सर म्हणाले, "मी बी येतो. तीन दात उगाच नाही जात. ते काहून तुटले हे पाहाले पाहिजे."

शनिवारी आम्ही दोघं गेलो. सरांनी पेटीत हात घातला, शाफ्ट पुढेमागे हलवला. तो बोटाच्या पेराएवढा सरकला. मागे कधीतरी कोणीतरी बेअरिंग बदलताना शाफ्टला जागेवर धरणारी बाजूची कडी बसवायला विसरलं होतं.

"मॅडम, तुमच्या कागदावरचा तेवीस किलो कोण पेलत होतं?" सरांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"म्हणून तं चाक सरकलं, दाताच्या कोपऱ्यावर ओझं आलं आन् दात गेले." जुन्या चाकाचे तुटलेले दात पाहून त्यांना ही शंका आधीच आली होती; त्यांनी पिशवीतून अंदाजानं बनवून आणलेली कडी काढली, कानशीनं मापाला घासली आणि बसवली. मग माझं चाक. मग नीळ. आत्यानं पट्टा ओढला आणि चाक असं फिरलं जसं लोण्यातून बोट. दातादातावर लांबलचक निळा पट्टा उमटला. आत्या वाकून पाहत म्हणाली, "हां! आता लागून राह्यला पूर्ण."

मोटार लावली. रोल फिरला, तूर पडली, आणि खालून पिवळी डाळ येऊ लागली. पण सगळ्यांत जास्त मजा आली ती आवाजाची. आत्या ओरडून म्हणाली, "आवाज काहून नाही येत?" आणि तिचं ओरडणं सगळ्या अंगणात घुमलं, कारण ओरडायची गरजच नव्हती. बाया हसायला लागल्या. आत्याला साध्या आवाजात बोलायला दुपारपर्यंत जमलं नाही.

मी पेटीवर हात ठेवून उभी राहिले. आत माझा सव्वासोळा अंशांचा कोन मिनिटाला चौदाशे वेळा फिरत होता. मला उगाचच रडू येईल असं वाटलं, मग भूक लागली.

दुपारी आत्यानं पानगे केले. पळसाच्या पानात शेकलेले, वर तूप, आणि त्याच तुरीचं वरण. सरांनी चार पानगे खाल्ले आणि आत्याला बजावलं की दर हंगामाला पेटीतलं तेल बदलायचं.

"कोणतं तेल? सरकीचं की जवसाचं?"

सरांचा घास हातातच राहिला. मग त्यांना कळलं की ती थट्टा करतेय.

त्याला आता तीन हंगाम झाले. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. मिल चालू आहे, आणि आत्या येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती पेटी दाखवते. लोणचं दाखवावं तसं झाकणावर हात ठेवून सांगते, "हे विकतचं नाही बरं. घरी केलं."